स्मोकरच्या धुरात मसाले: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोळशाच्या स्मोकरमध्ये, म्हणजे पदार्थाला धूर देणाऱ्या झाकणाच्या भट्टीत, लाकडाच्या जोडीला मसाले, सुकी पानं आणि फळांच्या साली घालायला लागून आता बरेच महिने झाले. कुणी म्हणतं, खरी चव यातच आहे. कुणी म्हणतं, नुसती नासाडी. माझं मत आता पक्कं झालंय: फरक पडतो आणि छान पडतो, पण पदार्थ कोणता आणि मसाला कधी टाकला यावर सगळं अवलंबून आहे.

धुराची आपल्या ओळखीची चव लाकडातूनच येते. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही वासाची संयुगं तयार होतात, आणि तेच पदार्थाला धुराचा वास-स्वाद देतात. चिमूटभर मसाल्याला हे जमणार नाही, त्यामुळे खाली चांगलं कठीण लाकूड हवंच. रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या जाड काड्या मला आवडतात त्या याचसाठी: मुळात त्या लाकूडच आहेत, सावकाश धुपतात. नुसती पानं मात्र भसकन पेटून संपतात.

मसाल्याचा सुगंध असतो उडून जाणाऱ्या तेलात. निखाऱ्यावर थेट टाकला की तेल बघता बघता उडतं आणि मागे उरतो जळका, कडवट धूर. म्हणून फॉइलची पुडी करायची. त्यात लाकडाचा भुसा, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, दोन लवंगा. वर काडीने भोकं पाडून पुडी निखाऱ्यांच्या कडेला ठेवायची, मधोमध नाही. आधी पांढरी, ओलसर वाफ निघते. तेव्हा पदार्थ आत ठेवायची घाई करू नका. थोड्या वेळाने धूर विरळ आणि निळसर होतो आणि दालचिनीचा गोडसर वास येऊ लागतो. तीच वेळ. दाट पांढरा धूर सुरूच राहिला तर जिभेवर काजळीसारखा कडूपणा बसतो, मग मसाला कितीही उत्तम असो. लाकूड आधी भिजवण्यातही अर्थ नाही. पाणी लाकडात फारसं शिरत नाही, धूर निघायला उशीर तेवढा होतो.

सगळ्यात सुंदर निकाल मिळाला तो चीज, लोणी आणि बदामांवर. मसाल्यातली सुगंधी तेलं स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, आणि थंड धुरात, म्हणजे तीसेक अंश सेल्सिअसच्या खाली, ती टिकूनही राहतात. लवंगेच्या धुरातलं लोणी तर अप्रतिम! चीज मात्र लगेच खाऊ नका. पहिल्या दिवशी चव बोचरी लागते. गुंडाळून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलं की ती आतपर्यंत मुरते आणि मवाळ होते. कच्चं मांस किंवा मासे मीठ लावून नीट मुरवल्याशिवाय थंड धुरात ठेवणं धोक्याचं आहे, ते मी गरम धुरातच करते. माशाला तमालपत्राचा धूर छान लागतो. मासा लवकर होतो, त्यामुळे सुगंध उडून जायच्या आत ताटात येतो.

तासन्‌तास शिजणाऱ्या मांसाच्या मोठ्या तुकड्यावर मात्र मसाल्याचा धूर मला जाणवतच नाही. तिथे तोच मसाला वरून चोळावा, जास्त उपयोग होईल. संत्र्याच्या सालीबद्दल माझं मत अजून मध्यम आहे: आतला पांढरा भाग खरवडून कडकडीत वाळवली तर ठीक, नाहीतर कडू. मिरचीचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, मी तो सोडूनच दिला.

झाडपाल्यात मात्र प्रयोग नकोत. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा स्मोकरजवळ आणू नका. चीडसारखं राळेचं लाकूड, रंग दिलेल्या किंवा चिकटवलेल्या फळ्याही नकोत.

आणखी एक, लवंगेचा वास झाकणाच्या आतल्या चिकट थराला धरून बसतो आणि पुढच्या खेपेला माशातही उतरतो. जाळी आणि झाकण कोमट असतानाच खरवडून काढलं की हा त्रास होत नाही.