रेषावाला फ्रेटलेस बास: आवाज कडक, सेटअप ढिसाळ
चार तारांचा, रोजवूड फिंगरबोर्डवाला फ्रेटलेस बास गिटार (म्हणजे बोर्डावर फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेला) घेतला, कंपनीचं नाव जाऊदे. आवाज म्हणाल तर एकदम कडक, नोट दाबून बोट जरा हलवलं की तार गायला लागते आणि मींड तर अशी निघते की फ्रेटवाला परत हातात घ्यावासाच वाटत नाही. फ्रेटच्या जागी बारीक रेषा आहेत त्यांचा आधार होतो, फक्त बोट रेषेच्या मागे नाही, बरोब्बर रेषेवर ठेवायचं, नाहीतर सूर उतरलाच समजा. पण बोर्डाच्या कडेवरचे खुणेचे डॉट दोन रेषांच्या मधोमध दिलेत राव, ते रेषेवर हवे होते, वाजवताना नजर तिकडेच जाते ना! नट (दांड्याच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) पण उंच, त्याच्या जवळच्या पहिल्या पोझिशनला बोटांची वाट लागते, सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्यावाच लागला. तारा राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) आल्या होत्या, त्या लाकूड खरवडतात म्हणून मी फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) टाकल्या, चमक थोडी गेली पण बोर्ड वाचला. फ्रेटलेसचा गाजलेला बासवादक जाको पास्टोरियस राउंडवाउंडच वाजवायचा, पण त्याने बोर्डावर इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या रेझिनचा) थर चढवला होता, १९७६ चा त्याचा अल्बम ऐकाच. कान तयार असेल तर बिनधास्त घ्या, नवशिक्यांनी जरा थांबा. आणि हो, सोबतची गिग बॅग नुसती नावाला आहे.