फणसाड अभयारण्य: दुर्बीण घ्या, घाई घरी ठेवा

"वाघ आहे का?" असं विचारत येणाऱ्यांनी सरळ काशीदचा किनारा गाठावा. फणसाडला वाघ नाही. बिबट्या आहे, पण त्याचे ठसे मातीत दिसले तरी नशीब समजायचं. आम्हाला तेही दिसले नाहीत, तरी मी पाचपैकी साडेचार तारे देतेय.

अलिबाग-मुरूड रस्त्यावर बोर्लीहून आत वळलं की सुपेगाव, तिथेच प्रवेशद्वार. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. गावातला वाटाड्या घ्याच. त्याच्याशिवाय आमचा सगळा वेळ झाडांखालून नुसतं चालण्यात गेला असता.

इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाड गाण, अशी त्यांची नावं. वाटाड्याने आम्हाला एका गाणीजवळ बसवलं आणि सासूबाईंना दम भरला, "आजी, पाय वाजवू नका हां." सासूबाई चक्क गप्प बसल्या! थोड्या वेळाने वरून सालपटं पडायला लागली. मान वर केली तर शेकरू. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या दोन्ही हातांत फळ, आणि ते गोल फिरवत कुरतडणं चाललेलं. पाठ तांबूस, पोट पिवळसर पांढरं, शेपूट अंगापेक्षा लांब. खाऊन झाल्यावर जमिनीला पाय न लावता शेजारच्या ऐनाच्या झाडावर उडी. राज्यप्राणी म्हणून शाळेत पाठ केला होता, पाहिला आत्ता.

गारंबीचा वेलही बघून घ्या. माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि त्याला लटकलेल्या हातभर लांब शेंगा. मुलांना तिथून हलवताना नाकी नऊ आले.

गिधाडं मात्र हुकली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची इथे नोंद आहे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून पोटात गेलं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर देशभरातली बहुतेक गिधाडं संपली होती.

अर्धा तारा कापला तो आमच्या मागून आलेल्या मंडळींमुळे. जंगलात स्पीकर? त्या वाटेवर मग साधी सातभाई पक्ष्यांची कलकलही ऐकू आली नाही.

उन्हाळ्यात इथली दमट हवा जीव काढते, हिवाळ्यातच या आणि उजाडताच आत शिरा. पाणी आणि खाऊ सोबत असू द्या, भडक कपडे नकोत. जेवण गावात आधी सांगून ठेवलंत तर परतल्यावर गरम तांदळाची भाकरी मिळते. आम्ही सांगायला उशीर केला नाही, म्हणून सुकटीची चटणीही मिळाली.