लाटेकमधील सूत्रे वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये नेताना: कोणता मार्ग कोणासाठी

लेख लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून गणिती मजकुराची मांडणी करणाऱ्या प्रणालीत, तयार असतो आणि सहलेखक किंवा संपादक वर्डची फाइल मागतो, तेव्हा मजकूर सहज जातो. अडते ते सूत्रांपाशी. त्यासाठी मार्ग बरेच आहेत. मात्र निवड करताना, सूत्र पडद्यावर कसे दिसते याआधी, फाइल ज्याच्या हाती जाणार आहे त्याला त्यातले एखादे चिन्ह बदलता येईल का, हे पाहावे असे माझे ठाम मत आहे.

अडचणीचे मूळ लेखनपद्धतींच्या फरकात आहे. वर्गसमीकरणाच्या उकलीचे सूत्र घ्या. लाटेकमध्ये आधी ‘फ्रॅक’ ही आज्ञा येते आणि तिच्यामागून दोन महिरपी कंसांत अंश व छेद येतात. लिबरऑफिस मॅथमध्ये, म्हणजे लिबरऑफिस या मोफत संचातील सूत्रे लिहिण्याच्या भागात, आधी अंश, मग ‘ओव्हर’ हा शब्द आणि मग छेद, असा क्रम असतो. वर्डच्या २००७ च्या आवृत्तीपासून सूत्र ओएमएमएल या एक्सएमएल रचनेत साठवले जाते आणि तिथे अंश व छेद वेगवेगळ्या टॅगांत, म्हणजे खूणशब्दांच्या जोड्यांत, बसतात. म्हणजे रूपांतर करताना सूत्राची सगळी बांधणी नव्याने करावी लागते, आणि प्रत्येक साधनाची खरी परीक्षा तिथेच होते.

सूत्रे मोजकीच असतील, तर वर्डमधील सोय पुरेशी आहे. ऑल्ट आणि बरोबरीचे चिन्ह एकत्र दाबले की सूत्राची चौकट उघडते. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत समीकरणाच्या टॅबवर लाटेक निवडून, सूत्र चिकटवून, ‘कन्व्हर्ट’खालील ‘प्रोफेशनल’ पर्याय घेतला की अपूर्णांक व वर्गमूळ जागच्या जागी उभे राहतात. तथापि लाटेकच्या सर्व आज्ञा वर्डला कळत नाहीत, आणि लेखकाने स्वतः तयार केलेले मॅक्रो, म्हणजे आज्ञांची लघुरूपे, तर मुळीच कळत नाहीत.

सूत्रे शेकड्यांनी असतील, तर मी निःसंकोचपणे पॅनडॉक सुचवेन. हे मोफत आणि मुक्त स्रोत साधन कमांड लाइनवरून एकाच आज्ञेत संपूर्ण लेख रूपांतरित करते, साधे मॅक्रो आधी उलगडून घेते, आणि वर्डसाठी ओएमएमएल तर लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलसाठी मॅथएमएल ही सूत्रांची खूणभाषा तयार करते. त्यामुळे दोन्हीकडे सूत्र संपादनयोग्य राहते. जे सूत्र त्याला पेलत नाही, त्याबद्दल ते इशारा देते आणि लाटेकचा मूळ मजकूर तसाच सोडते. ही सवय मला फार मोलाची वाटते, कारण चुकीचे पण नीटनेटके दिसणारे सूत्र छापून जाण्यापेक्षा उघडी पडलेली आज्ञा डोळ्याला लगेच खटकते. उणीव आहे ती समीकरणांचे क्रमांक आणि त्यांचे मजकुरातील संदर्भ यांत: ते आपोआप नीट जात नाहीत. पॅनडॉकला जोडायचे पॅनडॉक-क्रॉसरेफ हे फिल्टर उपयोगी पडते, पण त्यासाठी मूळ लेखन त्याच्या पद्धतीने करावे लागते. टिक्झ या लाटेकमधील चित्रसाधनाने काढलेल्या आकृत्या वेगळ्या काढून चित्ररूपाने जोडाव्या लागतात.

सूत्र वेबपानावरून घ्यायचे असेल, तर मॅथएमएल हा चांगला दुवा आहे. १९९८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस असलेले हे मानक वर्डला समजते. त्याचा कोड ‘फक्त मजकूर’ म्हणून चिकटवला की सूत्र तयार होते. लिबरऑफिस मॅथही ते आयात करू शकते.

मॅथटाइप हे सूत्रे लिहिण्याचे सॉफ्टवेअर सशुल्क आहे. ज्यांच्याकडे त्यातच बनवलेल्या जुन्या फाइलींचा साठा आहे, किंवा ज्यांचा प्रकाशक तीच मागतो, त्यांनी ते घ्यावे. इतरांना आज त्याची निकड नाही. वर्डमधील जुना इक्वेशन एडिटर ३.० सुरक्षेतील त्रुटीमुळे जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला, आणि त्यातील सूत्रे दिसत राहिली तरी वर्डमध्ये थेट संपादित करता येईनाशी झाली. अशा फाइलींसाठी मात्र मॅथटाइप अजूनही उपयोगी आहे.

लिबरऑफिससाठीचे टेक्समॅथ्स हे एक्स्टेन्शन लाटेकचे सूत्र सुबक चित्र म्हणून बसवते आणि त्याच एक्स्टेन्शनमधून ते पुन्हा बदलताही येते. फाइल शेवटपर्यंत तुमच्याकडेच राहणार आणि बाहेर पीडीएफच जाणार असेल, तर हा मार्ग उत्तम. तीच फाइल वर्ड वापरणाऱ्या सहलेखकाकडे गेली, तर त्याला फक्त चित्र मिळते, आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडरही, पर्यायी मजकूर दिला नसेल तर, तिथे थबकते. सहलेखन चालू असताना म्हणूनच ओडीटी फाइल पॅनडॉकने करावी आणि ती वर्डमध्ये एकदा उघडून, निदान अनेक ओळींची जुळवलेली समीकरणे मूळ लेखाशी ताडून पाहावीत.