भाजणीच्या बाजारपेठेचा अंदाज: समाजमाध्यमे की प्रत्यक्ष पाहणी?

घरगुती भाजणी पाकीटबंद करून पुण्यात विकू पाहणाऱ्या लघुउद्योजकाकडे बाजारपेठेच्या संशोधनासाठी पैसे थोडे असतात आणि वेळ त्याहून थोडा. ग्राहकाची आवडनिवड यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरील प्रतिक्रियांतून जाणून घ्यावी, की कोथरूड-हडपसरच्या दुकानांत आणि सोसायट्यांत माणसे पाठवून विचारणा करावी, हे त्याला आधी ठरवावे लागते. हे दोन मार्ग वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की गफलत होते.

समाजमाध्यमांचे बळ असे की तेथे लोक कोणी न विचारता बोलतात. थालीपिठाच्या पाककृतीखालील प्रतिक्रिया तासभर सलग वाचल्या, तर ‘थापताना तुटते’, ‘विकतची भाजणी खवट लागते’, ‘धणे किती भाजायचे’ अशी वाक्ये पुन्हापुन्हा भेटतात. प्रश्नावली तयार करणाऱ्याला खवटपणा सुचलाच नसेल, तर सर्वेक्षणात तो उमटणार नाही. उलट बाजरीचे पीठ लवकर खवट होते हे ठाऊक असलेला उत्पादक ही एक तक्रार वाचून पाकिटाची मुदत आणि वेष्टन या दोहोंचा फेरविचार करील. शिवाय प्रतिस्पर्ध्यांच्या चालू जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत फुकट पाहता येतात. लोक गूगलवर काय आणि केव्हा शोधतात हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवरून मागणीचा हंगाम कळतो, मात्र तेथील ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात. त्यांवरून ग्राहकांची संख्या काढू नये.

संख्येच्या बाबतीतच हा मार्ग लंगडा पडतो. वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे मोजके, त्यातही ‘इकडे कुठे मिळेल?’ असे विचारणारी व्यक्ती वाकडला राहते की दुबईला, हे बहुधा कळत नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून अधिक उत्तरे मिळवली, तरीही अध्यक्षीय निवडणुकीचा त्याचा अंदाज साफ चुकला. त्याच्या याद्यांत टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्या सुखवस्तू लोकांचा भरणा होता आणि उत्तर पाठवणारेही निवडकच होते. हजारो प्रतिक्रिया पाहून हुरळून जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. यंत्राकडून भावना मोजून घेण्याचा मोहही मराठीत जपूनच करावा. ‘एवढ्या किमतीत स्वयंपाकाला बाई पण येते का?’ हा पुणेरी शेरा संगणक साधा प्रश्न म्हणून नोंदवण्याची शक्यता मोठी आहे. साधनांचाही भरवसा नाही: ट्विटरने २०२३ मध्ये विदा (डेटा) घेण्याची मोफत सोय बंद केली, तर मेटाने २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुराचा माग काढणारे क्राउडटँगल हे साधन गुंडाळले.

प्रत्यक्ष पाहणीची परंपरा पुण्याला जुनी आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली सुमारे ३८५ माणसे असली, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे ९५ पाहण्यांत) अंदाज ५ टक्क्यांच्या मागेपुढे राहतो. ‘यादृच्छिक’ ही अट मात्र कठीण आहे, कारण सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक कार्यकारिणीच्या परवानगीवाचून आत सोडत नाही आणि मग पाहणी ओळखीच्या चार इमारतींतच आटोपते. दुसरी अडचण भिडेची. पाहणीसाठी समोर उभ्या असलेल्या मुलीला ‘घेऊ की’ असे सांगणारे गृहस्थ पाकीट विकत घेतीलच असे नाही. म्हणून किमतीचा प्रश्न विचारण्यापेक्षा सोसायटीत दोन रविवार टेबल मांडून दोन वेगवेगळ्या किमतींना माल विकून पाहावा, हे मला अधिक खात्रीचे वाटते. किराणा दुकानदाराशी बोलणे तर टाळूच नये; मुदत उलटून किती पाकिटे परत जातात आणि त्याला किती कमिशन लागते, हे कोणत्याही प्रतिक्रियेत लिहिलेले नसते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील बोलणे सार्वजनिक समजून उचलू नये. पाहणीत मोबाइल क्रमांक नोंदवायचा असल्यास संमती घ्यावी.

खर्चाची तुलना करताना समाजमाध्यमे फुकट आहेत असे मानणेही चुकीचे, कारण नीट वाचून, वर्गवारी करून, बनावट प्रतिक्रिया बाजूला काढायला जाणत्या माणसाचे कित्येक दिवस जातात. उत्पादनाचे स्वरूप अजून ठरायचे असेल, तर आधी प्रतिक्रिया वाचाव्यात आणि त्यांतून निघालेल्या चार-पाच तक्रारींचीच प्रश्नावली करून प्रत्यक्ष पाहणीला जावे. माल ठरलेला असून केवळ किंमत आणि पाकिटाचे वजन ठरवायचे असेल, तर सगळा पैसा थेट टेबलावर आणि दुकानांत घालावा. आणि विक्री पुण्यातल्या दुकानांतून न होता कुरिअरने परगावी होणार असेल, तर हा क्रम बदलतो: तेथे प्रतिक्रिया लिहिणाराच बऱ्याचदा गिऱ्हाईक असतो, त्यामुळे इन्स्टाग्रामवर थोडक्या खर्चाची जाहिरात देऊन प्रत्यक्ष किती ऑर्डरी येतात हे पाहणे कोथरूडमधल्या कोणत्याही पाहणीपेक्षा उपयोगाचे ठरेल.