मायक्रोबिट: केळीच्या पट्ट्यातल्या शाळेत वापरून बघितलं, आवडलं

रावेर-यावलकडे सातवी-आठवीच्या पोरांना कोडिंग शिकवायचं असेल तर बीबीसी मायक्रोबिट घ्याच. तळहातात मावेल एवढं कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर २५ लाल एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र. इंग्लंडात २०१६ साली शाळेतल्या पोरांना फुकट वाटलेलं. प्रोग्राम मेककोड नावाच्या वेबसाइटवर बनवायचा, रंगीत ब्लॉक ओढून एकमेकांना जोडायचे की झालं, आणि बाजूला स्क्रीनवर तसंच बोर्ड चालताना दिसतं, त्यामुळे बोर्ड कमी असले तरी कोणी रिकामं बसत नाही.

आम्ही वर्गात स्पर्धा ठेवली, भिंतीवरच्या थर्मामीटरच्या सगळ्यात जवळचं तापमान कोणाचं येतं. सगळ्या गटांचं जास्तच यायला लागलं! मग लेवा बोलीत जोरदार भांडणं, तुझं चुकलं माझं बरोबर, शेवटी एक पोरगी म्हणाली सर बोर्डच गरम होत असेल तर? आणि तेच खरं आहे, ते खोलीचं नाही तर आतल्या चिपचं तापमान मोजतं, त्यावरून अंदाज लावतं. पुढे पोरांनीच फरक मोजून वजाबाकीचा ब्लॉक टाकला. सेन्सर म्हणजे काय, चूक कुठून येते, हे फळ्यावर वर्षभर सांगून समजलं नसतं.

दुसरं म्हणजे खिळ्यांचा प्रयोग. दोन खिळे कुंडीतल्या काळ्या मातीत, क्रोकोडाइल क्लिपने बोर्डाला जोडायचे, ओल जास्त तसा आकडा वाढतो, ० ते १०२३ पर्यंत. ज्यांच्या घरी केळीला ठिबक आहे त्या पोरांचे डोळेच चमकले, कारण पाणी कधी सोडायचं हा त्यांच्या घरातला रोजचा विषय. खिळे गंजतात पण, म्हणून आकडा घेतानाच करंट द्यायचा, सतत नाही.

स्पर्धेत मार्क देताना एक करा, दिसायला भारी प्रोजेक्टला नको, प्रत्येक पोराला स्वतःचा प्रोग्राम समजावून सांगता येतो का त्याला द्या. नाहीतर गटातला एकच हुशार पोरगा सगळं करतो आणि बाकीचे नुसते टाळ्या वाजवतात, हे मला अजिबात पटत नाही.

तक्रारी पण आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेला किंमत जड जाते, तीन-चार पोरांत एक बोर्ड धरून चला. ज्या दुकानातून ऑनलाइन मागवलं त्याने नुसती चार्जिंगवाली केबल पाठवली, तिच्यातून प्रोग्राम जातच नाही, डेटावाली मागून घ्या. स्पीकर आणि माइक पाहिजे असेल तर व्ही२ (नवीन आवृत्ती) आहे का ते बघूनच ऑर्डर करा, जुन्यात ते नाही. बॅटरी बॉक्स वेगळा घ्यावा लागू शकतो, त्यात दोन ट्रिपल ए सेल बसतात, लाईट गेली तरी बोर्ड चालू राहतं.