लिंक्ड लिस्टमधून यादृच्छिक नोड: आधी मोजून की एकाच फेरीत?

लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे एकाने पुढच्याचा पत्ता धरलेल्या नोंदींच्या साखळीतला, एखादा नोड (नोंद) यादृच्छिकपणे निवडायचा असेल, तर प्रश्न दोन मार्गांचाच उरतो. एक म्हणजे नोड मोजून मग यादृच्छिक क्रमांकापर्यंत पुन्हा चालत जाणे. दुसरा म्हणजे रिझर्व्हॉयर सॅम्पलिंग, ज्यात पहिला नोड हाती धरून पुढे दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३ अशा शक्यतेने त्याची जागा द्यायची. तीन नोडांच्या यादीत पहिला शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता १/२ × २/३, म्हणजे १/३ येते, आणि यादी कितीही लांब असली तरी हीच समानता राहते.

लांबी आधीच साठवलेली असेल, तर मोजणीची पद्धत नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. जावाच्या लिंकडलिस्टमध्ये ती साठवलेली असतेच, शिवाय क्रमांक ज्या टोकाला जवळ त्या टोकाकडून चाल सुरू होते. सी++ च्या फॉरवर्ड लिस्टमध्ये मात्र लांबी सांगणारे फंक्शनच नाही.

माझ्यापुरता निर्णय वेगळ्याच त्रासाने झाला. मला मुदत न संपलेल्या नोंदींतूनच एक निवडायची असे. मोजणीच्या पद्धतीत ही अट दोन्ही लूपमध्ये लिहावी लागते, आणि मुदतीचे उत्तर वेळेनुसार बदलत असल्याने अट तंतोतंत सारखी असूनही दोन फेऱ्यांचे एकमत होईलच असे नाही. पहिल्या फेरीत ४० नोंदी वैध ठरल्या, निवड चाळिसावीची झाली आणि तेवढ्यात एकीची मुदत संपली, की दुसरी फेरी यादीच्या टोकापलीकडे नल पॉइंटरवर, म्हणजे कोणत्याही नोडकडे न नेणाऱ्या रिकाम्या पत्त्यावर, जाऊन पोचते. वेळ एकदाच नोंदवून दोन्हीकडे वापरली की हे टळते, हे खरे. पण मग ते भानही कायम ठेवावे लागते. रिझर्व्हॉयरमध्ये प्रत्येक नोडला प्रश्न एकदाच विचारला जातो.

प्रत्येक वैध नोडमागे एक यादृच्छिक संख्या काढावी लागते, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. संख्या काढण्याचे काम महाग असेल तर तो निर्णायकही ठरू शकेल, मात्र किती नोड वगळायचे हे आधीच ठरवणाऱ्या रीती संगणकशास्त्रज्ञ जेफ्री व्हिटर यांनी १९८५ मध्ये मांडल्या आहेत. माझ्या अनुभवात मेमरीत विखुरलेल्या नोडांवरून दुसऱ्यांदा चालणेच अधिक जाचले. हातातला नोडही फारसा बदलत नाही: १००० नोडांच्या यादीत, पहिला धरून, सरासरी सुमारे साडेसात वेळा.

एकही नोंद वैध नसेल तर हाती धरलेला पॉइंटर नलच राहतो. मोजणीच्या पद्धतीत मात्र शून्य लांबीची तपासणी यादृच्छिक क्रमांक काढण्याआधी आठवणीने करावी लागते.