साडेनऊ महिने, एक लॅब्रेडॉर, एक मांजर आणि न वाळणारा फिल्टर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर दिवाणखान्याच्या मधोमध बंद पडला. तीन दिवसांनी आलेल्या तंत्रज्ञाने तो उघडला, मोटरमध्ये ओल गेल्याचे सांगितले, आणि हा बिघाड वॉरंटीत बसत नसल्यामुळे नव्या मोटरचे ४,८०० रुपये पडतील असे कागदावर लिहून दिले. यंत्र गेल्या दिवाळीत सवलतीत १७,९९९ रुपयांना घेतले होते, म्हणजे पहिला वाढदिवस होण्याआधीच ते किमतीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक मागत होते. हाच अनुभव मी फेब्रुवारीत लिहायला घेतला असता तर डोळे मिटून पाच तारे दिले असते. पावसाळा पाहून मगच लिहिते आहे, ते बरे झाले.

घर ठाण्यात, सहाव्या मजल्यावर, दोन बेडरूमचे. घरात नऊ वर्षांची लॅब्रेडॉर बुंदी आणि पांढरीशुभ्र मांजर भुरी, जिला आमची कन्या बंगळूरला जाताना ‘दोन महिन्यांसाठी’ ठेवून गेली त्याला आता तीन वर्षे झाली. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला मऊ लोकरीसारखा. खरा उच्छाद आतल्या थराचा, कारण ते केस पडत नाहीत, तरंगतात. झाडू फिरवला की पुंजके उडून पलंगाखाली जातात, आणि ओल्या फडक्याने पुसले की त्यांच्या वळकट्या होऊन फरशीला चिकटतात. कामाला येणाऱ्या मावशींनी एक दिवस झाडू कोपऱ्यात उभा केला आणि म्हणाल्या, “काकू, हा केर मी काढतेय की नुसता फिरवतेय, तेच कळेना.” खरेदीचा निर्णय त्या दिवशी झाला.

रोबो घ्यावा असा कन्येचा आग्रह होता. मी तो मानला नाही, कारण दिवाळीत फटाके वाजू लागले की म्हातारी बुंदी घाबरून कुठेही करून ठेवते, आणि असे यंत्र माणसाच्या नजरेआड त्यातून फिरले तर ते घरभर काय सारवेल याची कल्पना करवत नव्हती. दुसरा पर्याय ड्रमसारख्या वायरच्या यंत्राचा होता. ते स्वस्त आणि दणकट असते, वर १६०० वॉट असे ठसठशीत छापलेले असते. मात्र वॉटचा आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो, केर किती ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटपेक्षा अधिक वीज खाणारे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायला बंदी केली, म्हणून तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत. शिवाय गालिच्यात रुतलेले केस नुसत्या ओढीने निघत नाहीत, त्यांना मोटरवर फिरणारा ब्रश लागतो, आणि मी पाहिलेल्या स्वस्त ड्रमना तो नव्हता. म्हणून कॉर्डलेस घेतला.

बॅटरीबद्दल थोडक्यात. खोक्यावर पंचेचाळीस मिनिटे लिहिले आहे. बॅटरी २५.२ व्होल्टची आणि २५०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे तिच्यात जेमतेम ६३ वॉट-तास वीज मावते. मोटर पूर्ण जोरात ४०० वॉट घेते. भागाकार कोणीही करावा, साडेनऊ मिनिटे येतात, आणि घड्याळ लावून मोजली तेव्हा नऊ भरली. पंचेचाळीस मिनिटे चालायचे तर त्याने चौऱ्याऐंशी वॉटवर, म्हणजे फुंकर घातल्यासारखे चालावे लागेल. बँकेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे मला हे उलटे गणित दुकानातच करता आले, तेव्हा यात फसवणूक झाली असे म्हणणार नाही. मधल्या वेगावर आमचे घर एका चार्जिंगमध्ये होते, तेवढे मला पुरते.

पहिले सात महिने या यंत्राने मला थक्क केले. सोफ्यासाठी त्याच्यासोबत हाताएवढा छोटा ब्रश येतो, त्यातही वेगळी मोटर असते. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात भुरी दुपारभर झोपते तिथे तो पहिल्यांदा फिरवला तेव्हा पारदर्शक डब्यात पांढऱ्या केसांचा एवढा गोळा जमला की मांजर सोफ्यावरच आहे ना, हे मी वळून पाहिले. (ती कपाटावर जाऊन बसली होती. यंत्र सुरू झाले की अजूनही जाते. बुंदी मात्र आता भुंकतसुद्धा नाही.) डबा अर्ध्या लिटरचा आहे आणि एका दिवाणखान्यात भरतो, पण तो कचऱ्याच्या पेटीवर धरून खटका दाबला की रिकामा होतो. ब्रशला केस गुंडाळतात या तक्रारीबाबत मला माझेच मत बदलावे लागले. नोव्हेंबरात मी बुंदीला दोष देत होते. डिसेंबरात रूळ बाहेर काढून शिवणाच्या कात्रीने ते गुंडाळे कापले तेव्हा आढळले की त्यात जनावराचे आखूड केस जवळजवळ नव्हतेच, सगळे माझे लांब केस होते.

आता फिल्टर. वाचणाऱ्याला हे जरा जास्तच वाटेल, पण या यंत्राचे बरेवाईट सगळे त्या मूठभर वस्तूवर येऊन थांबते. आत शिरलेली हवा आधी गरगर फिरते, त्या फेऱ्यात केस आणि जड केर डब्यात पडतो, आणि जे हलके आहे ते, म्हणजे कातडीचा कोंडा, उदबत्तीची राख, पिठाची भुकटी, पुढे जाऊन घड्या घातलेल्या हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरवर बसते. एच-१३ दर्जाचा फिल्टर अडवायला सर्वांत कठीण अशा आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, आणि आम्हांला तो हवाच होता. मांजराची अ‍ॅलर्जी केसाने होते असा समज आहे. ती मुख्यतः तिच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या स्रावातल्या प्रथिनाने होते, ते वाळून बारीक कोंड्याबरोबर हवेत राहते. साधा फिल्टर असलेले यंत्र एका बाजूने ओढलेला हा कोंडा दुसऱ्या बाजूने घरात सोडते. या यंत्रानंतर यजमानांच्या सकाळच्या शिंका खरोखर कमी झाल्या, हे त्याच्या श्रेयाचे आहे.

पण जनावरांच्या घरात हा फिल्टर आठ-दहा दिवसांत बुजतो. माहितीपुस्तिका म्हणते, पाळीव प्राणी असल्यास दर आठवड्याला पाण्याने धुवावा, सावलीत चोवीस तास वाळवावा, उन्हात किंवा गरम हवेवर धरू नये. एप्रिलमध्ये ही सूचना पाळणे म्हणजे काहीच नव्हते, सकाळी धुतलेला फिल्टर संध्याकाळी कोरडा. जुलैत मात्र, ज्या महिन्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी आठशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि ठाण्यात दोरीवरचे पंचे तिसऱ्या दिवशीही कुबट येतात, त्या महिन्यात हे चोवीस तास कोणत्या गावचे? मी पुस्तिकेवर विसंबून चोवीस तास मोजले आणि हाताला कोरडा लागलेला फिल्टर बसवला. हाताला घडीचा वरचा कडा लागतो. ओल घडीच्या तळाशी असते. ओलसर फिल्टरची छिद्रे पाण्याने बुजलेली असल्याने हवा अडते, मोटरला दम लागतो, आणि जी हवा मिळते तीही दमट. चार मिनिटांत यंत्र तापून आपोआप थांबू लागले, तेव्हा मला वाटले बॅटरी गेली. नवी बॅटरी मागवण्याच्या बेतात होते, तेवढ्यात मोटरच गेली. शेवटच्या आठवड्यात यंत्रातून भिजलेल्या कुत्र्याचा वास येत होता. तो मी बुंदीच्या नावावर टाकला, म्हणजे दुसऱ्यांदा अन्याय केला.

तंत्रज्ञ निघून गेल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दुकानातून आणलेला नवा कोरडा फिल्टर ६२ ग्रॅम. धुऊन झटकल्यावर ११०. पंख्याखाली चोवीस तास ठेवल्यावर ८१, अठ्ठेचाळीस तासांनी ६८, आणि बहात्तर तासांनी ६३. म्हणजे ज्या क्षणी पुस्तिका मला तो बसवायला सांगत होती त्या क्षणी त्यात एकोणीस ग्रॅम, जवळजवळ चार चमचे पाणी होते. हे आकडे, काट्यावरच्या फिल्टरचे फोटो आणि पुस्तिकेचे ते पान मी कंपनीला ईमेलने पाठवले आणि एवढेच विचारले की सूचनेप्रमाणे वागून यंत्र बिघडले तर ते ग्राहकाच्या निष्काळजीपणात कसे बसते. उत्तर आले की फिल्टर ‘पूर्ण कोरडा’ असल्याची खात्री करणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. ही खात्री कशी करावी हे पुन्हा विचारल्यावर दहा दिवस शांतता.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. फोन करताना मी फार आशा बाळगली नव्हती, परंतु आठवड्याच्या आत कंपनीचाच फोन आला आणि ‘सद्भावनेपोटी’ मोटर विनाशुल्क बदलून मिळेल असे सांगण्यात आले. मोटर बदलली. भेटशुल्काचे ३५० रुपये मात्र घेतले. सद्भावनेची घरपोच किंमत ३५० रुपये असते, हे मला या वयात कळले. ४,८०० वाचले त्याचे समाधान मानावे असे यजमान म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. पण पावती अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे.

मोटर बदलून तीन आठवडे झाले, आणि आता पुन्हा मत बदलते आहे, कारण चूक ओढीत नव्हती, बांधणीत नव्हती, पुस्तिकेतल्या एका ओळीत होती. मी ८९० रुपयांना दुसरा फिल्टर घेतला, दोघांवर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिले आहे. एक यंत्रात, एक वाळत. शिवाय आता दर आठवड्याला धुणे बंद केले. आठवड्यातून दोनदा गॅलरीत, नाकाला फडके बांधून, फिल्टर पाटाच्या कडेवर हलकेच आपटायचा आणि रंगकामाच्या जुन्या मऊ ब्रशने घड्यांतून कोंडा काढायचा. पाणी महिन्यातून एकदाच. ओढ सत्तर-ऐंशी टक्के तरी परत येते, असा माझा अंदाज आहे. हेअर ड्रायरचा मोह मलाही झाला होता, पण घड्या जिथे चिकटवलेल्या असतात तिथला डिंक सुटला तर ९९.९५ टक्क्यांना अर्थ उरत नाही. फ्रिजच्या मागच्या ऊबदार फटीत ठेवून पाहिला, पंख्यापेक्षा पाच-सहा तास लवकर वाळला, पण भुरीने तो उंदीर समजून बाहेर ओढला, त्यामुळे तो प्रयोग तिथेच थांबला.

घ्यावा का, असे शेजारच्या वहिनींनी परवा विचारले. त्यांच्याकडे एकच मांजर आहे, गालिचा नाही. त्यांना मी सांगितले की गुळगुळीत फरशीवर वायरचा स्वस्त ड्रमही चालेल, गालिचा आणि कापडी सोफा असेल तरच मोटरच्या ब्रशचे पैसे मोजा, आणि जो घ्याल त्याचा सुटा फिल्टर बाजारात मिळतो का आणि केवढ्याला, हे दुकानदाराला आधी विचारा. ओढीचे किलोपास्कल, म्हणजे ओढ किती जोराची त्याचे आकडे, नंतर. दुकानात मला हे कोणी सांगितले नव्हते. विक्रेता टेबलावर मूठभर तांदूळ टाकून ते ओढून दाखवत होता. आमच्या घरात तांदूळ सांडत नाहीत.

माझ्याकडून साडेतीन तारे. अर्धा तारा त्या ३५० रुपयांचा कापला आहे, तो पुस्तिकेची ती ओळ बदलली तर परत देईन. ‘ब’ आज सकाळी काट्यावर ६७ भरला. ‘अ’ गच्च झालेला आहे आणि बाहेर पाऊस लागला आहे, त्यामुळे आजचा दिवाणखाना मावशी झाडूनेच काढत आहेत.